खाली उतरायला अर्ज नसतो

कळंबच्या दादाभाऊंना साहेब म्हणणाऱ्या जागा जगात दोनच होत्या. एक मंचरच्या अलीकडं हायवेला लागून असलेलं 'घरधनी सुपरमार्ट', कारण तिथं ते सुपरवायझर होते आणि हाताखालच्यांना न म्हणून चालत नव्हतं. दुसरी जागा म्हणजे पंचक्रोशीतली लग्नं. आपल्याकडं लग्न लागायच्या आधी चांगला अर्धा तास माइकवरून पाव्हण्यांची नावं पुकारतात. चेअरमन, व्हाइस चेअरमन, माजी चेअरमन, भावी सरपंच अशी सगळी पदं हवेत सोडली जातात, नवरदेव फेट्याखाली घामानं निथळत असतो, आणि त्यातच कुठंतरी येतं, "घरधनी सुपरमार्टचे सुपरवायझर, माननीय दादाभाऊ साहेब यांचं मंडपात आगमन झालेलं आहे. त्यांनी कृपया पुढं सोफ्यावर यावं." दादाभाऊ मुद्दाम मागं आचाऱ्याच्या चुलीपाशी उभे असायचे. तिथून सोफ्यापर्यंत चालायला अंतर जास्त मिळतं.

हे पद त्यांना मिळालं ती गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अकरा वर्षांपूर्वी ते गोण्या वाहणारे हेल्पर होते आणि पगारवाढ मागायला आत गेले होते. तेव्हाचा मॅनेजर म्हणाला, पगाराचं अवघड आहे, पद वाढवून देतो. दादाभाऊ गळ्यात लाल टाय घालून बाहेर आले. टायची गाठ आधीच बांधलेली होती आणि मागं इलॅस्टिक होतं. हेल्परपेक्षा बाराशे रुपये जास्त, बाकी सगळा मान. "नाव सोनुबाई आन् हाती कथलाचा वाळा," असं त्यांची बायको साधना तेव्हाच म्हणाली होती.

पुढं पाच वर्षांनी साधनाही त्याच दुकानात लागली, पाठीमागच्या पॅकिंगच्या खोलीत. डाळ-तांदूळ निवडायचे, वजन करायचं, पिशव्या भरायच्या. ती हेल्पर, नवरा सुपरवायझर, त्यामुळे कंपनीच्या नियमानं तिनं नवऱ्याला 'सर' म्हणायचं. तिनं तो नियम कधी मोडला नाही. "सर, जाताना दळण घ्यायचंय, सर," असं ती भर दुकानात म्हणायची आणि तेरा हेल्पर तोंड फिरवून हसायचे. दादाभाऊंना वाटायचं, जळतात. आपल्या जागेवर या चौदाही जणांचा डोळा आहे, याबद्दल त्यांची पक्की खात्री होती. एकही दिवस रजा न घेण्याचं खरं कारण तेच होतं. चार दिवस गावाला गेलो आणि कुणी जागा बळकावली, म्हणजे?

तर झालं असं, की चोवीस तारखेला फळ्यावर मुंबईच्या हेडऑफिसची नोटीस लागली. 'बँड-१ मधील सर्वांच्या पगारात येत्या एक तारखेपासून भरघोस वाढ करताना कंपनीला आनंद होत आहे.'

झाडलोट करणाऱ्या कुशाबाई, दुकानातल्या सगळ्यात वयस्कर, झाडू टेकून उभ्या राहिल्या. "सायब, ह्यो बँड कंचा?"

दादाभाऊंना माहीत नव्हतं. पण 'माहीत नाही' म्हणायला सुपरवायझर कशाला व्हायचं? दुकानाच्या उद्घाटनाला बँड वाजला होता, तेवढं त्यांना आठवलं. घसा साफ करून ते म्हणाले, "कंपनीचा सोताचा बँड हाय मुंबईला. नवीन दुकान उघडलं की वाजवाया जातो. एक नंबरचा बँड म्हणजे त्योच. लई दिवसांची मागणी व्हती बिचाऱ्यांची."

दुकानात दुपारभर कुरकुर चालली. गोण्या आम्ही उचलायच्या आणि वाढ पिपाणीवाल्यांना! गोडाऊनमधल्या सयाजीला हलगी येत होती. त्यानं तर मुंबईच्या बँडमध्ये जागा निघेल का, अशी चौकशीसुद्धा दादाभाऊंकडं केली, आणि दादाभाऊंनी "बघतो, शब्द टाकतो" असं सांगितलं.

संध्याकाळी मॅनेजर मोहितनं सगळ्यांना एकत्र बोलावलं. मोहित पुण्याचा, सत्तावीस वर्षांचा, स्वभावानं गरीब, आणि कायम कसल्यातरी रिपोर्टच्या काळजीत असलेला. त्यानं सांगितलं, बँड म्हणजे पगाराची पायरी. बँड-१ ही सगळ्यात खालची पायरी, म्हणजे हेल्पर. त्यांचा पगार अकरा हजार दोनशेवरून एकदम पंधरा हजार. एवढा गलका झाला की बाहेरच्या गिऱ्हाइकांना वाटलं सेल लागला. सयाजीनं बिस्किटाच्या रिकाम्या खोक्यावरच हलगी वाजवून घेतली.

"आन् आमचं?" गलका ओसरल्यावर दादाभाऊंनी विचारलं.

"तुम्ही बँड-२, सर. बँड-२ ला या वर्षी काही नाही. सगळ्यात कमी पगारवाल्यांना वर आणायचं, असं कंपनीचं धोरण आहे."

"मंग आता सगळ्यात कमी पगार कुणाचा?"

मोहितनं मनात बेरीज-वजाबाकी केली आणि त्याचा चेहरा पडला. "तुमचा," तो म्हणाला.

घरी साधनानं भाकरी तव्यावर टाकली आणि मगच तोंड उघडलं. "एक तारखेपासनं माझं पंधरा, तुमचं बारा हजार चारशे. मंग आता घरात सर कोण?"

"मान काय पगारावर नसतो."

"बरं. मंग स्नेहलच्या खोलीवालीला थोडा मान पाठवून द्या."

 दोघांची मुलगी स्नेहल पुण्यात नर्सिंगला होती. कॉलेजनं हॉस्टेल दुरुस्तीला काढलं होतं आणि मुलींना बाहेर खोल्या बघायला सांगितलं होतं. खोली आणि डबा मिळून महिन्याला सहा हजार जास्तीचे. नाहीतर कळंबहून रोज एसटीनं जा-ये, जायला दोन तास, यायला दोन तास, मधे हॉस्पिटलची ड्युटी. स्नेहल म्हणाली होती, करेन मी, पण फोनवरचा तिचा आवाज आत्ताच दमल्यासारखा होता.

"माझं अडतीसशे वाढलं," साधना म्हणाली. "राहिलं बावीसशे. तुमी हेल्पर असता तर आज निभावलं असतं. टाय घालून बसलाय, आता घाला त्योच पोरीच्या डब्यात."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत दादाभाऊ मोहितच्या केबिनमध्ये उभे होते. "मला खाली घ्या," ते म्हणाले.

"कुठं खाली?"

"बँड एकमदी. व्हतो तिथं."

मोहितनं कॉम्प्युटर उघडला. बराच वेळ इकडं-तिकडं क्लिक करून तो म्हणाला, "सर, वर जायला फॉर्म आहे. बदलीला फॉर्म आहे. खाली यायला फॉर्मच नाही. आजवर कुणी मागितलाच नसेल. खाली फक्त शिक्षा म्हणून पाठवतात. तीन मेमो मिळाले की एक बँड खाली. नाहीतर माणूस कामाला नालायक आहे असं झोनल ऑफिसनं ठरवलं, तर एका फटक्यात. पण पगारवाढीची बँड-१ ची यादी तीस तारखेला संध्याकाळी बंद होते."

"मंग द्या की तीन मेमो."

"असे कसे देऊ? चूक पाहिजे. कॅमेऱ्यात दिसायला हवी, नाहीतर गिऱ्हाइकाची तक्रार तरी हवी."

म्हणजे हातात पाच दिवस, आणि अकरा वर्षं एक मिनिट उशीर न केलेल्या माणसानं त्यात तीन गुन्हे करायचे. दादाभाऊंनी पहिला गुन्हा सोपा निवडला. सव्वीस तारखेला ते नऊऐवजी अकराला आले. येताना फाट्यावर दोन चहा घेतले, तिसऱ्याला पोट नाही म्हणालं. पण त्या दिवशी मोहित पुण्याहून येताना ट्रॅफिकमध्ये अडकला आणि साडेअकराला पोचला. आत आल्या आल्या त्यानं दादाभाऊंचा हात धरला. "सर, तुम्ही होता म्हणून दुकान वेळेवर उघडलं." दुकान साधनानं उघडलं होतं. 

दुसरा गुन्हा गिऱ्हाइकाशी भांडण्याचा. सत्तावीस तारखेला एक पांढऱ्या टोपीवाला गृहस्थ टोमॅटो एकेक दाबून बघत होता. दादाभाऊ त्याच्या अंगावरच गेले. "ओ पावणं! टमाटं हाय ते, म्हशीची कास न्हाई! बापाच्या घरचा माल हाय का?"

 बिलाच्या काउंटरवरची मशीनं थांबली. टोपीवाल्यानं हातातला टोमॅटो खाली ठेवला, दादाभाऊंकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कंच्या गावचं तुमी?"

"कळंब. करा तक्रार."

"आमी ओझरचं. आवो, चार महिनं पोराकडं पुण्यात काढलं. जाईल तिथं 'सर, सर' आयकून कान किटलं माझं. आज कुणीतरी माणसासारखं बोललं बगा." त्यानं दादाभाऊंच्या पाठीत थाप मारली, पाच किलो टोमॅटो घेतले आणि तक्रारवहीत लिहून गेला, 'येथील साहेब अत्यंत आपुलकीने बोलतात.'

राहिला तिसरा. दादाभाऊंनी ठरवलं, कंपनीचं नुकसानच करायचं, आणि त्यासाठी खरं बोलण्यासारखा उपाय नाही. कुठल्या मालात काय खोट आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण रात्रीच्या जेवणाला साधनानं सगळी यादी सांगितली. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मधोमध उभे राहून ते ओरडू लागले. "बटाटा घेऊ नगा, कोल्ड स्टोरेजचा हाय, गॉड लागतोय! ही हळद म्हंजी नुस्ता रंग! चटणी जुनी हाय, शेंगा भाजून घरी कुटा!"

बायका थबकल्या. एकीनं विचारलं, "मंग घ्यावं काय?" आता खरंच बोलायचं ठरलं होतं, तेव्हा दादाभाऊंनी तेही सांगितलं. गूळ घ्या, चांगला आहे. शेंगदाणा घ्या. इंद्रायणी तांदूळ घ्या, माझ्या बायकोनं निवडलाय. संध्याकाळपर्यंत गूळ संपला, शेंगदाणा संपला, तांदळासाठी घोडेगावहून माणसं आली, आणि दादाभाऊंना विचारल्याशिवाय कुणी पिशवीत मिठाचा पुडासुद्धा टाकेना. दोन दिवसांत अख्ख्या दुकानाची विक्री दीडपट झाली. करायला गेले मारुती आणि झाला गणपती, असं पहिल्यांदाच घडत असावं.

एकोणतीस तारखेला मोहित नाचतच बाहेर आला. मुंबईच्या कॉम्प्युटरनं विक्री बघितली होती, तक्रारवहीचा फोटोही पोचला होता. दादाभाऊ महिन्याचे 'स्टार सुपरवायझर'. झोनल मॅनेजर तेजस्विनी मॅडम उद्या स्वतः येऊन प्रशस्तिपत्र देणार आणि एक तारखेपासून दादाभाऊ सीनियर सुपरवायझर.

"आन् पगार?"

"पगाराचं पुढच्या वर्षी बघू म्हणाल्यात. पण बँड-३!"

आता खरं सांगायचं तर दादाभाऊंनी त्या वेळी कपाळाला हात लावायला हवा होता. त्यांनी लावलाही. पण संध्याकाळी मोटारसायकलवरून घरी जाताना त्यांच्या डोक्यात माइक सुरू झाला. 'सीनियर सुपरवायझर, माननीय दादाभाऊ साहेब.' सीनियर म्हटल्यावर सोफ्याच्या मधोमध जागा द्यावी लागेल. त्यांनी तो शब्द तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून बघितला. मागं बसलेल्या साधनाला तो ऐकू गेला. गाडीवरून उतरून ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि त्या दिवशीच्या आमटीत मीठ पडलं नाही.

तीस तारखेला दुपारी चारला तेजस्विनी मॅडम आल्या. चाळिशीच्या, कडक इस्त्रीच्या साडीतल्या, मनगटातल्या घड्याळाकडं सारखं बघणाऱ्या. चौदा हेल्पर रांगेत उभे केले होते. समोर दादाभाऊ. मॅडमनी प्रशस्तिपत्र पुढं केलं, मोहितनं मोबाइल वर धरला, आणि तेवढ्यात रांगेतून साधना बाहेर आली.

"मॅडम, जरा थांबा. या मान्साला कायबी येत न्हाई."

मॅडमचा हात तसाच राहिला. "तुम्ही कोण?"

"पॅकिंगची हेल्पर. आन् यांची बायको." "अकरा वर्षं झाली, कुटली गोणी कुटं लावायची ते मी सांगते. मी नव्हते तवा कुशाबाई सांगायच्या. कंचा माल मागवायचा ते सयाजी सांगतो. बँड म्हंजी काय ते यांना म्हाईत न्हाई, मुंबईला वाजंत्री हाय म्हनून सांगितलं आमाला. गिऱ्हाइकाला जे खरं बोलले ते बी मीच सांगितलेलं. सव्वीस तारखेला दुकान मी उगडलं. ह्ये तवा फाट्यावर चा पीत व्हते. यांना फकस्त टाय घालता येतो. त्यो बी बांधता येत न्हाई, इलॅस्टिकचा हाय."

कुणी हसलं नाही. दादाभाऊंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चारचौघांत बायकोनं असं बोलावं? क्षणभर त्यांना वाटलं, ओरडून सगळं खोटं आहे म्हणून सांगावं. मोहित आपल्या बाजूनं बोलेल, पोरगा भिडस्त आहे. मॅडम कागद देतील, साधनाला फार तर मेमो मिळेल. तोंड उघडायचं तेवढं बाकी होतं. मग त्यांना पुण्याहून फोनवर आलेला तो आवाज आठवला. करेन मी, म्हणाली होती पोरगी.

"सर, हे खरं आहे?" मॅडमनी विचारलं.

"खरं हाय," दादाभाऊ म्हणाले. "मला कायबी येत न्हाई."

पुढचं दहा मिनिटांत उरकलं. नालायक माणसाला स्टार ठरवल्याचं वर कळलं असतं तर मॅडमचीच पंचाईत होती. त्यांनी प्रशस्तिपत्र पर्समध्ये परत घातलं, मोहितला कॉम्प्युटर उघडायला लावला आणि 'पदासाठी अक्षम, बँड-१ मध्ये पदावनत' असं लिहून खाली सही केली. तारीख तीस, वेळ चार वाजून चाळीस मिनिटं. मोहितनं यादी उघडून पंधरावं नाव टाकलं. दादाभाऊंनी टाय काढून टेबलावर ठेवला.

"मग आता सुपरवायझर कोण?" मॅडमनी घड्याळ बघत विचारलं आणि साधनाकडं वळल्या. "सगळं तुम्हालाच येतं म्हणता. तुम्हीच व्हा."

साधना दोन पावलं मागं सरकली. "मला काय येड लागलंय का, मॅडम? पंधराचं बारा करू?"

"मग तुम्ही?" सयाजीला.

"मॅडम, माझी कंबर दुखती," सयाजी म्हणाला. त्याच्या दोन्ही खांद्यांवर साखरेच्या गोण्या होत्या.

मॅडम रांगेतून चालत गेल्या. एकाला दिसत कमी होतं. एकीच्या घरात सुतक निघालं. एकाची वाचाच गेली, तो नुसता मान हलवत राहिला. शेवटी मॅडम कुशाबाईंपाशी आल्या. म्हातारीनं झाडू बाजूला ठेवून हात जोडले. "मॅडम, माझ्या हातनं काय गुन्हा झाला?"

"पण याआधी तरी? पगारवाढ व्हायच्या आधी कुणाला हवी होती ही जागा?" मॅडम वैतागून म्हणाल्या.

रांगेत सगळे एकमेकांकडं बघू लागले. मग कुशाबाईच बोलल्या. "कुनालाच न्हाई बया. सगळ्यांच्या शिव्या खायच्या, वरच्यांच्या बी आन् खालच्यांच्या बी. कवातरी ह्यो दादाभाऊ रजेवर गेला तर आपल्या गळ्यात पडंल म्हनून आमी भीत व्हतो. बिचारा कदी गेला न्हाई. त्येचे उपकारच हायेत आमच्यावर."

दादाभाऊ ऐकत होते. अकरा वर्षं ताप अंगावर काढला, सासुरवाडीच्या जत्रेला गेले नाहीत, स्नेहलच्या शाळेच्या गॅदरिंगला गेले नाहीत, जागा जाईल म्हणून. त्यांना लाज वाटली, रागही आला, आणि नेमका कुणाचा ते कळेना. मॅडम जागा रिकामी ठेवून निघून गेल्या. मोहितनं विचारलं, मग मी आता दुकान कसं चालवू? तेव्हा साधना म्हणाली, "चालतंय तसंच चालंल."

संध्याकाळी दोघं मोटारसायकलवरून निघाले. पाठीमागं साधनानं स्नेहलला फोन लावला. खोली घे म्हणाली, पैशाचं जमलं, तुझ्या बापानं जमवलं. वाऱ्यात पुढचं दादाभाऊंना ऐकू आलं नाही, पण एवढं ऐकून त्यांना जरा बरं वाटलं. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी मान मागं वळवली.

"आज मॅडमपुढं जे बोललीस," ते म्हणाले, "त्ये पगारासाठीच व्हतं ना?"

ऊस भरलेले दोन ट्रॅक्टर ओलांडून झाले.

"निम्मं पगारासाठी," ती म्हणाली.

"आन् निम्मं?"

"रस्त्याकडं बगा."

दादाभाऊंनी रस्त्याकडं बघितलं. आता त्या गोष्टीला दोन महिने झाले. पंधरा-पंधरा हजार दोघांच्या खात्यात येतात, स्नेहल खोलीवर राहते. दादाभाऊ गोणी उचलायला वाकले, की बायकोला हळूच विचारतात, "त्ये दुसरं निम्मं कंचं गं?" आणि ती म्हणते, "ती डाळ तिकडं न्हाई, इकडं लावा."